स्मार्ट मीटर हुशार असतो का? एका इंग्रजी विशेषणाची कुंडली

आमच्या सोसायटीत विजेच्या नव्या मीटरवरून बोलावलेली सभा सव्वादोन तास चालली. बिल वाढेल का, जुना मीटर काढू द्यायचा का, नकार दिला तर वीज तोडतील का, सगळं झालं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. "मला आधी एवढंच सांगा, स्मार्ट म्हणजे काय? दिसायला बरा असतो, का डोक्याने हुशार असतो?" सगळे हसले. माहिती द्यायला आलेला मुलगाही हसला आणि म्हणाला, "काकू, स्मार्ट म्हणजे... स्मार्ट!"

काकूंचा प्रश्न सभेतला सगळ्यात नेमका प्रश्न होता, आणि त्यालाच उत्तर मिळालं नाही. महाराष्ट्रात स्मार्ट मीटरवरून गदारोळ झाला, 2024 च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही असं राज्य सरकारने जाहीर केलं, आणि पुढे 'टीओडी मीटर' हे नाव पुढे आलं. टीओडी म्हणजे 'टाइम ऑफ डे', कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी 'स्मार्ट मीटर'च राहिलं. त्या मीटरचं गणित तज्ज्ञांनी मांडावं. मला त्याच्या आधी चिकटलेल्या विशेषणाबद्दल बोलायचं आहे.

एक शब्द, वेगवेगळे संसार

आपण मराठीत 'स्मार्ट' म्हणतो तेव्हा पहिला अर्थ दिसण्याचा असतो. "मुलगा स्मार्ट आहे हो" असं लग्न जमवणारी मावशी म्हणाली तर ती त्याच्या बुद्ध्यांकाबद्दल बोलत नसते. उंची, चेहरा, इस्त्रीचा शर्ट, चारचौघांत वावरण्याची ढब, हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत मात्र हाच शब्द ऐकला तर तो मुलगा अभ्यासात पुढे असावा असं समजायचं. तिथे स्मार्ट म्हणजे हुशार. इंग्लंडमध्ये दोन्ही चालतं, पण "यू लुक स्मार्ट" म्हटलं की टापटीप कपड्यांचं कौतुक. आमंत्रणावर 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलेलं असतं तेही याच अर्थाने: सूट नको, पण लुंगी-बनियनही नको.

शिस्तीच्या जगात त्याचा आणखी एक अर्थ आहे. एनसीसीत 'स्मार्ट सॅल्यूट' म्हणजे कडक, झटक्यात मारलेला सलाम. इंग्रज माणूस "लुक स्मार्ट!" ओरडला तर तो "चटचट आवर" म्हणत असतो, आरशात बघायला सांगत नसतो.

आणि एक अर्थ आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात, त्या चुरचुरण्याला इंग्रजीत 'स्मार्ट' हे क्रियापद आहे. खरचटलेल्या गुडघ्यावर आयोडीन लावलं की जे होतं, तेही स्मार्ट. देखणा, हुशार, टापटीप, चपळ आणि झोंबणारं! एकाच शब्दाच्या घरात ही मंडळी कशी नांदतात?

घरातला सगळ्यात थोरला: दुखणं

या मंडळींत सगळ्यात वडीलधारा अर्थ शेवटचा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत या विशेषणाचं रूप साधारण 'स्मेआर्ट' असं होतं आणि त्याचा अर्थ 'झोंबणारा, वेदना देणारा'. फटका स्मार्ट असायचा, जखम स्मार्ट असायची. माणूस स्मार्ट नसायचा.

इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींनी तो अर्थ अजून जपला आहे. जर्मनमध्ये वेदनेला 'श्मेर्त्स' म्हणतात. डचमध्ये तर थेट 'स्मार्ट' हाच शब्द दुःखासाठी आहे. तिथल्या हुंदके आणणाऱ्या रडक्या गाण्यांना 'स्मार्टलॅप' म्हणतात. म्हणजे ॲमस्टरडॅममध्ये आपल्या कुणी इंजिनिअरने 'स्मार्ट' हा शब्द डच कवितेत वाचला, तर तो फोनबद्दल नसून काळजातल्या कळेबद्दल असणार.

इंग्रजीतही हा जुना अर्थ बराच काळ ठणठणीत होता. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये, म्हणजे साधारण 1600 च्या सुमारास, राजा क्लॉडियस स्वतःशी कबूल करतो की समोरच्याच्या बोलण्याने आपल्या सद्सद्विवेकाला 'स्मार्ट' फटका बसला. 1611 च्या इंग्रजी बायबलमधलं एक वचन मला त्याहून आवडतं, कारण पतसंस्थेत कुणासाठी सही करून बसलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ते पटेल. परक्याला जो जामीन राहील तो 'स्मार्ट' करील, असं ते म्हणतं. म्हणजे भोगेल. आजच्या अर्थाने वाचलं तर सगळ्याचा विचका होतो: जामीनदार हुशार ठरतो!

'स्मार्ट मनी'ची गंमत तर अगदी दलाल स्ट्रीटपर्यंत येते. आज हा शब्द जाणकार गुंतवणूकदारांच्या पैशासाठी वापरतात. "स्मार्ट मनी बाहेर पडतोय" असं बाजारातले लोक म्हणतात. पण जुना 'स्मार्ट मनी' म्हणजे जखमी सैनिकाला किंवा खलाशाला दुखापतीपोटी मिळणारी रक्कम. डच कायद्यात वेदनेच्या भरपाईला आजही याच शब्दाच्या कुळातलं 'स्मार्टनगेल्ट' हे नाव आहे. आधी मार खाल्ल्याचे पैसे मिळायचे, आता शहाणपणाचे मिळतात. शेअर बाजारात पहिल्याशिवाय दुसरं येत नाही, असं अनुभवी लोक सांगतात, पण तो वेगळा विषय.

दुखण्यातून हुशारी आली कशी?

हे वाचून वाटेल की इंग्रजीत काहीतरी गोंधळ झाला असावा. दुखणं कुठे आणि हुशारी कुठे! पण मराठीने हाच प्रवास घरच्या घरी, इंग्रजीला न विचारता केलेला आहे.

'चटका' घ्या. तव्याला बोट लागलं की चटका बसतो. आणि बोट आपण कसं मागे घेतो? 'चटकन'. तोच 'चट' दुखण्यात आहे आणि तोच वेगात आहे. 'फटका' आणि 'फटकन', 'झटका' आणि 'झटकन', सगळीकडे हीच जोडी. जे झोंबतं ते झटपट असतं आणि झोंबलेला माणूस झटपट हलतो. इंग्रजीतही हेच झालं. जोरदार बसणारा तो स्मार्ट फटका, मग जोरात आणि चपळाईने केलेली कुठलीही कृती स्मार्ट, मग तशी कृती करणारा माणूसही स्मार्ट. 1300 च्या आसपास 'चपळ, तडफदार' हा अर्थ तिथे दिसू लागतो.

चपळाईपासून हुशारी एका पावलावर आहे. मूळ फारसी 'चालाक' म्हणजे चपळ, तेच आपल्याकडे 'चलाख' होऊन बुद्धीला चिकटलं, आणि पुढे त्यात थोडी लबाडीही मिसळली. 'स्मार्ट'मध्येही ती मिसळली: सतराव्या शतकात आपला फायदा बरोबर साधणाऱ्याला, सौद्यात पक्क्या असणाऱ्याला स्मार्ट म्हणू लागले.

आता माझा सगळ्यात आवडता पुरावा. एखादं मूल पटापट उत्तरं देतं, डोळे चमकत असतात, पाहुण्यांना आपणहून पाणी आणून देतं. त्याला आपण काय म्हणतो? चुणचुणीत. आणि जखमेवर औषध पडलं, मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला, तर काय होतं? चुणचुणतं. मी हा शब्द आयुष्यभर वापरला, दोन्ही अर्थांनी, आणि या दोघांचं नातं लक्षात यायला इंग्रजी शब्दकोश चाळावा लागला. डोळे 'चुरचुरतात' आणि नाटकातले संवाद 'चुरचुरीत' असतात, तिथेही तेच. बुद्धी 'तीक्ष्ण' असते, जिभेला 'धार' असते, आणि 'कुशाग्र' म्हणजे तर दर्भाचं टोक, जे बोटात शिरलं की कळतं. बुद्धीचं कौतुक करताना आपण टोचणाऱ्या, चावणाऱ्या, झोंबणाऱ्या गोष्टींकडे जातो. 'स्मार्ट'ला मराठी प्रतिशब्द विचारला तर मी 'चुणचुणीत'च सांगेन. इतका चोख जोड क्वचित सापडतो.

पण 'स्मार्ट' हा 'स्मार्त'वरून आला ना?

फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांतलं हे आवडतं विधान. कालनिर्णयात 'स्मार्त एकादशी' असतेच, मग स्मृती जाणणारा तो स्मार्त, तोच बुद्धिमान, तोच स्मार्ट. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

नाही कशावरून? संस्कृत आणि इंग्रजी दूरच्या चुलतबहिणी आहेत हे बरोबर, पण त्यांच्यात आवाज बदलतात ते ठरावीक रीतीने. परीकथांमुळे ओळखल्या जाणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम याने 1822 मध्ये हा नियम नीट मांडला. त्याचा आपल्या कामापुरता भाग असा: संस्कृतात जिथे द, तिथे इंग्रजीत ट, संस्कृतात जिथे त, तिथे इंग्रजीत बहुधा थ. दश आणि टेन, द्वि आणि टू. त्रि आणि थ्री, तृषा आणि थर्स्ट. 'दंत' आणि 'टूथ' या जोडीत दोन्ही बदल एकदम दिसतात.

आता 'स्मार्त' बघा. शेवटी 'त' आहे, म्हणजे इंग्रजी भावंडाच्या शेवटी 'थ' हवा. 'स्मार्ट'मध्ये 'ट' आहे. म्हणजे संस्कृतातल्या नातेवाइकात 'द' शोधायला हवा. आणि तो आहे: 'मर्दन'. चिरडणं, रगडणं. अनेक भाषाशास्त्रज्ञ 'स्मार्ट'चं मूळ याच कुळाशी जोडतात. लॅटिनमधलं चावण्याचं क्रियापदही त्याच घरातलं मानतात. तेव्हा नातं हवंच असेल तर ते एकादशीशी नाही, तालमीतल्या मर्दनाशी जोडा. सारखे दिसणारे शब्द भाऊ असतातच असं नाही. भाऊ बरेचदा ओळखू न येण्याइतके वेगळे दिसतात.

मग आपण तो चुकीचा वापरतो का?

मुळीच नाही. शब्दाचा जन्म ज्या अर्थाने झाला तोच 'खरा' अर्थ, हा समज फार पसरलेला आहे आणि फार चुकीचा आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलाही वन्य पशू होता, म्हणून सिंह 'मृगेंद्र' झाला. आज मृग म्हणजे हरीण. 'साहस' हा धर्मशास्त्रात गुन्ह्याचा प्रकार होता, बळजबरीचा. आज शाळेत साहसी मुलांना बक्षीस मिळतं. आणि 'शिक्षा'! संस्कृतात आणि हिंदीत शिकणं, मराठीत मात्र दंड. गंमत पाहा, 'स्मार्ट' माराकडून बुद्धीकडे गेला आणि आपली 'शिक्षा' बुद्धीकडून माराकडे आली. जुन्या शाळांतल्या छड्या आठवल्या तर या वाटेने जाणं फार अवघड नव्हतं, असं म्हणावं लागतं.

टापटिपीचा अर्थ मध्येच कुठून आला?

चपळ, तडफदार माणूस दिसतोही तसाच, ताठ आणि नेटका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नीटनेटक्या पोशाखासाठी हा शब्द वापरात आलेला दिसतो. गमतीचा भाग असा की आधी हा नोकरचाकरांच्या, स्वयंपाकघराच्या पातळीवरचा शब्द होता. 1880 च्या सुमारास तो दिवाणखान्यात पोचला आणि उंची मंडळींचा 'स्मार्ट सेट' तयार झाला. आपल्याकडे साहेबाच्या राज्यात तो आला तेव्हा याच कपड्यांत आला असावा. लग्नाच्या बाजारात तो आजही तेच कपडे घालून फिरतो.

'ओव्हरस्मार्ट' मात्र आपल्या इंग्रजीचा लाडका शब्द आहे. अमेरिकेत अशा माणसाला 'स्मार्ट ॲलेक' म्हणतात. ॲलेक होग नावाचा 1840 च्या दशकातला न्यूयॉर्कचा एक ठग होता. पोलिसांना हप्ता देऊन लोकांना लुटायचा, पुढे पोलिसांचाच हप्ता बुडवायला गेला आणि आत गेला. हे नाव त्याच्यावरून पडलं असावं असं एक मत आहे. मराठीला असल्या गोष्टीची गरज पडली नाही. आपल्याकडे 'दीडशहाणा' आहे आणि 'अतिशहाण्या'चा रिकामा बैलही आहे.

यंत्रं कधीपासून स्मार्ट झाली?

इथे आपण काकूंच्या प्रश्नाजवळ येतो. वस्तूला स्मार्ट म्हणायची पद्धत फार जुनी नाही, आणि तिची ठळक सुरुवात युद्धात झाली. उत्तर व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल अमेरिकी विमानांनी 1965 पासून शेकडो फेऱ्या मारूनही पडत नव्हता. 1972 च्या मे महिन्यात लेझरच्या खुणेमागे जाणाऱ्या बॉम्बनी तो निकामी केला. अशा बॉम्बना 'स्मार्ट बॉम्ब' नाव पडलं. शब्द पुन्हा फटक्याशी येऊन थांबला, हे मला सारखं खुपतं.

दुसरी वाट संगणकाची. त्या काळी मोठ्या संगणकाला जोडलेला नुसता पडदा आणि कळफलक असायचा, स्वतः काही न करणारा. त्याला 'डम्ब टर्मिनल' म्हणत. ज्यात स्वतःची थोडी प्रक्रिया चालायची तो 'स्मार्ट'. मग स्मार्ट कार्ड, मग स्मार्टफोन. 1994 मध्ये विक्रीला आलेल्या आयबीएमच्या 'सायमन'ला आज पहिला स्मार्टफोन मानतात. त्यावर फोनही करता यायचा आणि ईमेलही.

या सगळ्यात 'स्मार्ट'च्या उलट काय आहे ते बघा: 'डम्ब'. आज आपण त्याचा अर्थ 'मठ्ठ' घेतो, पण इंग्रजीत तो शब्द मुळात 'मुका' होता. मला इथेच कोडं सुटल्यासारखं वाटतं. जुना मीटर मठ्ठ नव्हता, तो युनिट बरोबर मोजत होता. तो मुका होता. त्याचा आकडा कळायला माणूस यावा लागे, टॉर्च लावून बघावं लागे, फोटो काढावा लागे. नवा मीटर ठरावीक वेळाने नोंद करतो आणि ती आपणहून कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो. तो जास्त हुशार झालेला नाही, बोलका झाला आहे. घड्याळ, टीव्ही, दिवा, कुलूप, ज्याच्यापुढे स्मार्ट लागेल तिथे 'बोलका' घालून बघा, बहुतेक वेळा चपखल बसतं. आणि मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो, जो 'हुशार' म्हटल्यावर सुचत नाही: बोलतो, पण कुणाशी? काय सांगतो?

मीटर पळतो म्हणून स्मार्ट?

सभेत एक गृहस्थ म्हणाले, "स्मार्ट म्हणजेच फास्ट. मीटर पळणार!" शब्दापुरतं बोलायचं तर ते सातशे वर्षांपूर्वीच्या अर्थाने बरोबर होते, आणि इंग्रजीत आजही झपाझप चालीला 'स्मार्ट पेस' म्हणतात. पण मीटर जास्त युनिट दाखवतो की नाही हे त्याच्या चाचणीवरून ठरतं, विशेषणावरून नाही. शंका असेल तर तपासणी मागावी. शब्दकोश त्यात कामाचा नाही.

आणि शहर, गाव, ध्येय?

इथे शब्द पार पातळ होतो. केंद्र सरकारने 25 जून 2015 रोजी स्मार्ट सिटी मिशन सुरू केलं, शंभर शहरांसाठी. पुणे आणि सोलापूर पहिल्या वीसांत होती, पुढे पणजीही आली. त्या मिशनच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिलं आहे की स्मार्ट शहराची सर्वमान्य व्याख्या नाही, तिचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा. सरकारी कागदात इतका प्रामाणिकपणा विरळा. व्याख्या नसताना योजना दहा वर्षं चालली, हा विशेषणाच्या ताकदीचा पुरावा समजायचा.

राज्यात 'स्मार्ट ग्राम योजना' होती. 2020 मध्ये तिला आर. आर. आबांचं नाव मिळालं आणि 'स्मार्ट ग्राम'चं 'सुंदर गाव' झालं. लग्न जमवणाऱ्या मावशीच्या अर्थाशी सरकार इतकं जुळवून घेईल असं वाटलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या कानावर पडणारा 'स्मार्ट प्रकल्प' हा तर इंग्रजी आद्याक्षरांची जुळवाजुळव आहे. नोकरदारांच्या वार्षिक मूल्यमापनात छळणारी 'स्मार्ट गोल्स'ही तशीच, जॉर्ज डोरन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने 1981 मध्ये एका लेखात मांडलेली. अशा ठिकाणी अर्थ शोधायला जाऊ नये. शब्द आवडला म्हणून अक्षरं मागाहून बसवलेली असतात, आडनाव आधी ठरवून मग पूर्वज शोधावेत तशी.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून हे सगळं सांगितलं: चुणचुणीत, चटका, डच गाणी, मुका मीटर, बोलका मीटर. त्यांनी शांतपणे ऐकलं. हातातली कोथिंबिरीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी दुपारी दीडला इस्त्री लावली, हे त्या ऑफिसात बसलेल्याला कळणार."

मी म्हटलं, "इस्त्री लावली हे नाही. त्या वेळात वीज किती गेली, एवढं."

"तेच ते," म्हणाल्या, आणि वर गेल्या.